आधी पाणी कुठून यायचं ते विचारा

अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या जुन्या खाणगावांवर आणि शेतवस्त्यांवर मागे लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली सहा या वेळी घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात मी सव्वीस वर्षं राहिले आणि भूजल मोजण्याचं काम केलं. विहिरीत पोलादी टेप सोडायची, पातळी वहीत लिहायची आणि पुढच्या विहिरीकडे निघायचं. या कामापायी ओस पडलेली कितीतरी गावं पाहून झाली. त्यामुळे प्रश्न कोणताही असो, माझं उत्तर फिरून पाण्यापाशी येतं. आजची उत्तरंही तशीच आहेत.

प्रश्न : मी अकरावीत शिकतो. सिनेमात दाखवतात तसा त्या गावांत रोज भर रस्त्यात गोळीबार व्हायचा का?

नाही रे. ज्या गावामुळे हे चित्र जगभर पसरलं त्या ॲरिझोनातल्या टूमस्टोनचंच घे. तिथे गावाच्या हद्दीत हत्यार बाळगून फिरायला कायद्यानं बंदी होती. आल्या आल्या बंदूक तबेल्यात किंवा हॉटेलात ठेवायची आणि परत जाताना न्यायची. २६ ऑक्टोबर १८८१ ची ती प्रसिद्ध ‘ओ. के. कोरल’ची चकमक हा कायदा मोडणाऱ्यांकडून हत्यारं काढून घेताना झाली. अर्ध्या मिनिटात संपली आणि तिच्यात तीन माणसं मेली. कॅन्ससमधल्या डॉज सिटीतही बंदूकबंदीचे फलक लावलेले होते.

गावाला खरी धास्ती असायची ती आगीची. लाकडी दुकानं, कापडी तंबू, रॉकेलचे दिवे आणि विझवायला पाणी नाही. टूमस्टोनची बाजारपेठ जून १८८१ मध्ये जळाली आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा जळाली. वीसेक मैलांवरच्या वाचुका डोंगरातून नळानं पाणी आलं ते त्यानंतर. आणि ज्या वर्षी वर पाण्यावाचून गाव जळत होतं, त्याच वर्षी खाली पाचशे फुटांवर खाणींना पाणी लागलं होतं. पुढे ते उपसायला मोठाले पंप बसवले. १८८६ मध्ये एक पंपघर जळालं, खाणी बुडायला लागल्या आणि माणसं गाव सोडून जाऊ लागली. तू इतिहास घेणार असशील तर त्या अर्ध्या मिनिटाऐवजी या पाच वर्षांवर वेळ घालव.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. जिथे काही पिकत नाही अशा डोंगरात हजारो माणसं काय खात होती आणि काय पीत होती?

बाई, प्रश्न वाचला आणि नेवाडातली व्हर्जिनिया सिटी डोळ्यांपुढे आली. रीनोपासून तासाभराच्या आत पोचता येतं. सहा हजार फुटांवरचा उघडा डोंगरउतार आणि जिकडेतिकडे सेजची करडी झुडपं. १८५९ मध्ये इथे चांदीचा प्रचंड साठा सापडला. त्यालाच कॉमस्टॉक लोड म्हणतात. पंधरा-सोळा वर्षांत या उतारावर वीस हजारांहून जास्त माणसं राहू लागली.

सुरुवातीला प्यायला चार झरे होते आणि खाणींच्या बोगद्यांतून झिरपणारं पाणी होतं. त्यात इतके क्षार असत की ते पिऊन माणसं आजारी पडत. खोल खाणीत मात्र पाण्याला तोटा नव्हता, पण ते गरम. तीन हजार फुटांवर काही ठिकाणी ते सत्तर अंश सेल्सिअसच्या वर होतं. कामगार काही मिनिटं घण मारायचे, मग हवा खेळती असलेल्या जागी येऊन बर्फ चघळायचे, अंगाला लावायचे आणि पुन्हा आत जायचे. हा बर्फ सिएरा नेवाडाच्या तळ्यांवरून कापून आणलेला असे. त्याच पट्ट्यातल्या एका गरम विहिरीतून टेप वर ओढताना माझा हात एकदा असा पोळला, की वहीत आकडा लिहायला सहकाऱ्याला बोलवावं लागलं. तिथे रोजची पाळी भरणाऱ्या माणसांचा विचार मी त्या दिवसापासून करते आहे.

१८७३ मध्ये हर्मन शुस्लर या अभियंत्यानं ही कोंडी फोडली. पाणी होतं पलीकडे, सिएराच्या डोंगरात. मध्ये वाशू खोरं. पंप नाही, पूल नाही. त्यानं सुमारे सात मैलांचा, फूटभर व्यासाचा लोखंडी नळ डोंगरावरून खाली खोऱ्यात सोडला आणि समोरच्या डोंगरावर चढवला. पाणी सतराशे फुटांच्या आसपास खाली उतरायचं आणि स्वतःच्याच दाबानं पलीकडे चढायचं. सर्वांत खोल जागी नळावर इतका दाब येई, की तेवढा तोवर जगात कुणी पेलून दाखवला नव्हता. सगळे तुकडे रिवेट मारून जोडलेले आणि सांध्यात शिसं ओतलेलं. मला विचाराल तर कॉमस्टॉकमधली सगळ्यात मौल्यवान गोष्ट ही.

आता खाण्याविषयी. पीठ, घेवड्याच्या बिया, खारवलेलं डुकराचं मांस, वाळवलेली सफरचंदं आणि कॉफी हे सगळं कॅलिफोर्नियातून घाट चढून खेचरांच्या गाड्यांनी यायचं, पुढे रेल्वेनं. डबाबंद कालवंही यायची. समुद्रापासून इतक्या दूर उकिरडे उकरले की अजून कालवांचे डबे आणि शिंपले सापडतात. महिनोन्‌महिने भाजी नसली की हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. कॅलिफोर्नियात यावर एक रानभाजी कामी आली. तिला पुढे ‘मायनर्स लेट्यूस’, खाणकामगारांची भाजी, हे नाव पडलं, पण तिथले मूळ रहिवासी ती आधीपासून खात होते. ताजी भाजी बहुतेक गावांत चिनी माळी पिकवायचे आणि खांद्यावरच्या कावडीतून दारोदार विकायचे.

पाइयूट आणि वाशू या इथल्या मूळ रहिवाशांची कथा मला इथे सांगितलीच पाहिजे. पिन्यॉन जातीच्या पाइनच्या बिया हे त्यांचं हिवाळ्याचं धान्य. खाणींच्या भट्ट्यांसाठी आणि घरच्या शेगड्यांसाठी तीच झाडं डोंगरच्या डोंगर तोडली गेली. एका गावाच्या चुली पेटत्या राहाव्यात म्हणून दुसऱ्यांची कोठारं रिकामी झाली.

अंड्यांची हकीकत तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना जरूर सांगा. १८४९ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत कोंबड्या इतक्या कमी होत्या, की एका अंड्याला डॉलर पडे. मग होड्या तीसेक मैलांवरच्या फॅरलोन बेटांवर गेल्या आणि मर नावाच्या समुद्रपक्ष्याची अंडी टोपल्या भरून आणू लागल्या. या अंड्यांवरून १८६३ मध्ये दोन टोळ्यांत गोळ्या झाडल्या गेल्या. पक्ष्यांची संख्या त्या काळात जी घसरली, ती भरून यायला पुढे शंभर वर्षंही पुरली नाहीत.

प्रश्न : कपडे कोण धुवायचं? बायका तर फारशा नव्हत्याच म्हणतात.

सुरुवातीच्या छावण्यांत कित्येक जण धुतच नसत. एकच सदरा फाटेपर्यंत घालायचा. १८४९-५० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत धुलाई इतकी महाग झाली, की काही लोकांचे कपडे जहाजानं होनोलुलूला आणि चीनमधल्या कँटनला धुवायला जात आणि काही महिन्यांनी परत येत.

पुढे हे काम चिनी माणसांनी उचललं, आणि त्यामागे नाइलाज होता. कॅलिफोर्नियानं १८५० मध्ये परदेशी खाणकामगारावर महिना २० डॉलरचा कर बसवला. तो रद्द झाला, पण १८५२ मध्ये कमी दरानं परत आला आणि बहुतेक चिनी माणसांकडूनच वसूल झाला. चांगल्या जागांवरून त्यांना हाकलत असत. धुलाईला भांडवल लागत नव्हतं आणि ती जागा बळकवायला कुणी येत नव्हतं. तरी तिथेही सुखानं राहू दिलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोनं १८८० मध्ये नियम केला, की लाकडी इमारतीत धुलाईघर चालवायचं तर परवाना हवा. दोनशेच्या आसपास चिनी मालकांनी अर्ज केले, त्यांतला एकही मंजूर झाला नाही. बाकीच्यांना मात्र सर्रास परवाने मिळाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८८६ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की कायद्याचे शब्द निःपक्ष असले आणि अंमल पक्षपाती असला, तर तो समानतेच्या हक्काचा भंगच आहे. ‘यिक वो’ या धुलाईघराच्या नावानं हा खटला आजही कायद्याच्या वर्गांत शिकवतात.

बायका कमी होत्या, पण होत्या. ल्यूझीना विल्सन नवऱ्याबरोबर नेवाडा सिटीत आल्या. नावात नेवाडा असलं तरी हे गाव कॅलिफोर्नियात आहे. नवरा छप्पर घालायला लाकूड शोधत गेला, तेवढ्यात यांनी फळ्या विकत घेतल्या, खुंट्या ठोकून टेबल उभं केलं आणि रांधायला बसल्या. रात्री नवरा परतला तर वीस खाणकामगार जेवत होते. उठताना प्रत्येकानं त्यांच्या हातावर एकेक डॉलर ठेवला. आणि वायोमिंगमधल्या साउथ पास सिटी या सोन्याच्या गावी १८७० मध्ये एस्थर मॉरिस न्यायाधीश झाल्या, त्या देशातल्या पहिल्या. वायोमिंगनं बायकांना मताचा अधिकार दिला त्याला तेव्हा दोनच महिने झाले होते.

प्रश्न : आम्ही शेती करणारे. १६० एकर फुकट मिळत होते हे खरं का? झाडच नाही अशा मुलखात घर कशाचं बांधत? आणि टोळांनी गावं ओस पडली असं ऐकलं, ते काय?

१८६२ चा होमस्टेड कायदा खरा आहे. वय एकवीस किंवा कुटुंबप्रमुख, नागरिक किंवा नागरिकत्वासाठी रीतसर इरादा नोंदवलेला. लग्न न झालेली स्त्री आणि विधवासुद्धा अर्ज करू शकत. चिनी माणसांना नागरिक होता येत नसे, म्हणून ते बाहेर. सगळं धरून फी १८ डॉलर. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, की मालकी तुमची. फक्त ‘फुकट’ या शब्दाला माझी हरकत आहे. ती जमीन पॉनी, ओटो, लकोटा, शायेन अशा मूळ रहिवाशांची होती. तह करून, ते मोडून आणि सैन्य पाठवून ती मोकळी केलेली होती.

घर मातीचं, पण आपल्यासारखं थापलेलं नव्हे. नेब्रास्काच्या गवताची मुळं इतकी घट्ट असतात, की खास नांगरानं फूटभर रुंद, चार बोटं जाड असे पट्टे जमिनीतून सोलून निघत. फावड्यानं त्यांचे दोन-तीन फुटांचे तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे. भिंत दोन-तीन फूट जाड होई. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पावसात मात्र हाल. बाहेर थांबला तरी छप्पर आत दोन दिवस चिखल गाळत राही. स्वयंपाक करताना छत्री धरावी लागे. आढ्यातून माती आणि कधी साप पडे, म्हणून आतून मलमलीचं कापड ताणून बांधत. जळणाला रानशेणी, मक्याची बुरकुंडं आणि पीळ देऊन बांधलेलं गवत.

सॉलोमन बुचर या छायाचित्रकारानं १८८६ पासून नेब्रास्कातल्या अशा घरांची चित्रं काढली. त्यातल्या एका चित्रात कुटुंबानं आपली पायपेटी ओढून बाहेर मोकळ्यावर आणली आहे आणि सगळे तिच्याभोवती उभे आहेत. मातीचं घर माहेरच्या माणसांना दिसू नये, पेटी मात्र दिसावी, असा त्या गृहिणीचा आग्रह होता. ते चित्र मी फार वेळ पाहत राहिले होते.

तुम्ही शेतकरी आहात, तेव्हा खरी गोम तुमच्या लगेच लक्षात येईल. नेब्रास्का आणि कॅन्ससमधून जाणाऱ्या १०० व्या रेखांशाच्या पश्चिमेला वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस. तिथे १६० एकर कोरडवाहू म्हणजे पोट भरत नाही, आणि बागायत म्हणावी तर तेवढ्याला पाणी नाही. जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भतज्ज्ञानं १८७८ च्या सरकारी अहवालात हे स्पष्ट लिहिलं. चराऊ शेताला २,५६० एकर द्या, ओलिताखालच्याला ८० पुरेत, आणि हद्दी पाणी पाहून आखा. अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, मानलं नाही. त्याच वेळी जमीन विकणारे सांगत होते, की नांगराच्या मागोमाग पाऊस येतो. काही वर्षं योगायोगानं पाऊस बरा झाला आणि लोकांनी विश्वास ठेवला. १८९० च्या दशकातल्या अवर्षणानं पश्चिम कॅन्सस आणि नेब्रास्कातून गाड्याच्या गाड्या पूर्वेकडे परत नेल्या. पॉवेलचा तो अहवाल मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचला. ज्याच्या शब्दावर हजारो संसार वाचले असते, त्याचं कुणी ऐकलं नाही याचा राग मला अजून येतो.

विहिरी हातानं खणत. एक जण खाली, दोघं वर रहाटावर. दरड कोसळून किंवा खाली साचलेल्या विषारी वायूनं माणसं मरत. कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्गची १८८७-८८ मधली विहीर १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद आहे, आतून दगडानं बांधलेली, सगळी पहारी-फावड्यांची खणाई. काठावर उभं राहून खाली पाहिलं तेव्हा टेप काढायची इच्छाच झाली नाही. पवनचक्क्या आल्या आणि घरच्या बाईच्या हातातला रहाट सुटला.

टोळांचं म्हणाल तर १८७४ चं वर्ष सगळ्यात वाईट. पीक तर गेलंच, पण घामानं खारट झालेले कुऱ्हाडींचे दांडे आणि घोड्यांचं चामडी सामानही त्यांनी कुरतडलं. विहिरींत आणि ओढ्यांत मेलेले टोळ साचून पाणी तपकिरी झालं, गुरं तोंड लावेनात. ही रॉकी माउंटन टोळांची जात १९०२ नंतर जिवंत सापडलेली नाही. डोंगरातल्या नदीखोऱ्यांत ते अंडी घालत आणि तीच खोरी शेतीखाली आणि चराईखाली आली, हे त्याचं कारण असावं असं बरेच कीटकशास्त्रज्ञ मानतात.

प्रश्न : खाणवाले आणि शेतकरी एकमेकांना धरून होते की भांडत होते?

दोन्ही. खाणीला धान्य, गवत, बैल हवेत आणि शेतकऱ्याला रोख गिऱ्हाईक हवं. खाण बंद पडली की खालच्या खोऱ्यातला गवतवालाही बसे.

भांडण पेटलं ते कॅलिफोर्नियात. १८५३ मध्ये एडवर्ड मॅटिसननं डोंगर खणण्याऐवजी नळीतून पाण्याचा जोरदार झोत मारून तो पाडायची युक्ती काढली. पुढच्या तीस वर्षांत लोखंडी तोफांएवढे फवारे आले. मॅलाकॉफ इथे अख्खा डोंगर विरघळवला गेला. सोनं पकडायला लाकडी पन्हळींत पारा टाकायचे आणि उरलेली माती, वाळू, गोटे सरळ यूबा नदीत. नदीचं पात्र भरत गेलं, इतकं की मेरीसव्हिल गावाजवळ ते रस्त्यांपेक्षा उंच झालं. बांध घातले, ते वाढवले, पुन्हा वाढवले. जानेवारी १८७५ मध्ये बांध फुटला आणि गाव पाण्याखाली गेलं. फळबागा आणि गव्हाची शेतं गाळाखाली दडपली.

शेतकरी कोर्टात गेले. ७ जानेवारी १८८४ ला न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला, की असा गाळ नदीत सोडता येणार नाही. खाणीत लाखो डॉलर गुंतलेले होते, हजारोंचा रोजगार होता, आणि तरी हा निकाल लागला. अमेरिकेत पर्यावरणाच्या बाजूनं लागलेल्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या निकालांपैकी हा एक. मॅलाकॉफला मी दोनदा गेले. उघडे नागडे, गुलाबी-पांढरे कडे सव्वाशे वर्षांनंतरही तसेच उभे आहेत. आणि पन्हळींतून निसटलेला पारा अजून त्या नद्यांच्या गाळात आहे. काही ठिकाणचे मासे किती आणि कुणी खावेत याचे फलक सरकार लावतं. खटला शेतकऱ्यांनी जिंकला, पारा मात्र कुणालाच परत काढता आलेला नाही.

प्रश्न : मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाणार आहोत. एकच गाव पाहायचं तर कोणतं?

सगळे बोडी सांगतील. चुकीचं नाही. १९६२ पासून ते राज्याचं उद्यान आहे. शंभराहून जास्त इमारती आहे त्या अवस्थेत राखल्या आहेत, नवं काही करत नाहीत, फक्त पडू देत नाहीत. खिडकीतून दुकानाच्या फळ्यांवरचे डबे आणि शाळेतले बाक दिसतात. आठ हजार फुटांवर उंची आहे, शेवटचे काही मैल कच्चा रस्ता आहे, हिवाळ्यात बर्फानं बंद असतो. तेव्हा जून ते सप्टेंबर जा, गरम कपडे आणि पाणी जवळ ठेवा.

पण तुम्ही मला विचारलंत म्हणून व्हर्जिनिया सिटी सांगते. गावाच्या दक्षिण टोकाला १८७६ मध्ये बांधलेली चार मजली लाकडी शाळा आहे, फोर्थ वॉर्ड स्कूल. आता तिथे संग्रहालय आहे. शुस्लरचा नळ येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती, तरी बांधणाऱ्यांनी चारही मजल्यांवर पाणी खेळवलं आणि मुलांसाठी पिण्याच्या पाण्याची सोय केली. दोन-चार वर्षांपूर्वी क्षारांच्या पाण्यानं आजारी पडणाऱ्या गावातली मुलं डोंगरापलीकडून आलेलं बर्फाचं पाणी वर्गाबाहेर पिऊ लागली. गावाला आजही त्याच डोंगरातून पाणी येतं. शाळा पाहून झाली की मुख्य रस्त्यावरच्या कुठल्याही उपाहारगृहात बसा आणि आधी एक ग्लास साधं पाणी मागा.